मणका ‘बसवून’ घेण्याआधी : कायरोप्रॅक्टिकवरचं संशोधन घरबसल्या कसं तपासावं

कंबर धरली किंवा मान आखडली की पुण्यात सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणतो एमआरआय काढ, दुसरी म्हणते गादीच बदल. एवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर रील येऊन पडतं: टेबलावर पालथा माणूस, पाठीवर दाब, ‘कट्’ असा आवाज, आणि उठल्यावर माणूस एकदम टवटवीत. माझं काम वैद्यकीय ग्रंथालयात, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शोधनिबंध काढून देण्याचं. त्यामुळे ‘हे कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने दाब-झटका देऊन मणका ‘बसवणं’, खरं असतं का गं?’ हा प्रश्न ओळखीतले लोक हमखास माझ्याकडे घेऊन येतात.

हो किंवा नाही असं एका शब्दात याचं उत्तर देता येत नाही, कारण प्रश्न फार मोठा आहे. तो लहान केला तर चांगलं उत्तर मिळतं, आणि ते शोधायला डॉक्टर असावं लागत नाही. सुट्टीच्या दिवशीची दुपार आणि कामापुरतं इंग्रजी एवढं पुरतं.

वाचन बाजूला ठेवायचं ते कधी

काही लक्षणं दिसत असतील तर शोधनिबंध वाचत बसू नका आणि मणक्याला कुणाला हात लावू देऊ नका. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा येणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं: मणक्याच्या तळाशी असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. पाठदुखीसोबत बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, नुकतंच गाडीवरून पडणं, वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणं, हाडं ठिसूळ असणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर.

मानेचं आणखी वेगळं. आधी कधी झाली नव्हती अशी मानदुखी किंवा डोकेदुखी एकाएकी सुरू झाली आणि सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना त्रास, अर्धा चेहरा बधिर किंवा चालताना तोल जाणं असेल, तर 108 ला फोन करा. असं का, ते खाली सुरक्षिततेच्या भागात येईल.

पहिली पायरी : प्रश्न लहान करा

‘कायरोप्रॅक्टिक चालतं का?’ हा प्रश्न कुठल्याही अभ्यासाला विचारता येत नाही. विचारता येतो तो असा: तीन महिन्यांहून जुनी, पायात न उतरणारी कंबरदुखी असलेल्या मोठ्या माणसाला मणक्यावर हाताने दिलेल्या झटक्याने, व्यायामाच्या तुलनेत, एका महिन्यात किती आराम पडतो? यात पाच गोष्टी आल्या: कोण, कसलं दुखणं, कोणता उपचार, कशाच्या तुलनेत, किती काळात. आपली केस या पाच रकान्यांत कागदावर लिहून काढा. निम्मं काम तिथेच होतं.

‘कोणता उपचार’ या रकान्यात लोक सर्वात जास्त घोळ घालतात. शेजारच्या वहिनी सांगत होत्या, ‘मला पहिल्याच सीटिंगला फरक पडला.’ पुढे विचारलं तेव्हा कळलं की झटक्याआधी वीस मिनिटं शेक दिला होता, नंतर व्यायाम शिकवले होते, आणि तो आठवडाभर त्यांनी दुचाकी चालवली नव्हती. सिंहगड रोडचे खड्डे आठवडाभर चुकवल्याचं श्रेय कोणाला द्यायचं?

दुसरा घोळ असा: कायरोप्रॅक्टिक हा पेशा आहे आणि मणक्याला झटका देणं ही एक क्रिया. तीच क्रिया फिजिओथेरपिस्ट आणि ऑस्टिओपॅथ (हाताने उपचार करणारा आणखी एक पेशा) हेही करतात, आणि बहुतेक मोठ्या आढाव्यांत या सगळ्यांच्या चाचण्या एकत्र मोजलेल्या असतात. म्हणून त्या आढाव्यांतून क्रियेबद्दल कळतं. त्या पेशाच्या सगळ्या सिद्धांतांवर शिक्कामोर्तब होत नाही.

त्या सिद्धांतांची सुरुवात 1895 ची. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हेनपोर्टमध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या साफसफाई करणाऱ्या माणसाच्या मणक्याला दाब देऊन त्याला पुन्हा ऐकू यायला लावलं, असा त्यांचा दावा होता. ऐकू येण्याची नस कानातून थेट मेंदूकडे जाते, मणक्यातून नाही. ‘मणका किंचित सरकतो आणि त्यातून रोग होतात’ ही कल्पना मात्र तिथून पुढे शंभर वर्षं चालली. ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टर लोकांच्या नियामक परिषदेनेच 2010 मध्ये जाहीर केलं की ही संकल्पना ऐतिहासिक आहे आणि ती रोगाचं कारण असल्याचा दावा करण्याइतका संशोधनाचा आधार तिला नाही.

दुसरी पायरी : योग्य ठिकाणी शोधा

गुगलवर शोधलंत तर आधी क्लिनिकच्या जाहिराती येतील. त्यापेक्षा पबमेड उघडा. ते फुकट आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं आहे आणि मोबाइलवरही चालतं. शोधाचे शब्द इंग्रजीतच टाइप करायचे: ‘स्पायनल मॅनिप्युलेशन’ (मणक्याला दिलेला झटका) आणि ‘लो बॅक पेन’ (कंबरदुखी). ‘कायरोप्रॅक्टिक’ एवढाच शब्द टाकला तर फिजिओथेरपिस्टांनी केलेल्या बऱ्याच चाचण्या निसटतात. मग फिल्टरमध्ये ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ निवडा. हजारोंची यादी आवाक्यात येते. पूर्ण लेख वाचायचा असेल तर ‘फ्री फुल टेक्स्ट’ वरही खूण करा.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे आधी नियम ठरवून, त्या विषयावरच्या झाडून सगळ्या चाचण्या गोळा करून, त्यांचा दर्जा तपासून काढलेला एकत्रित निष्कर्ष. कॉक्रेन ही संस्था यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या आढाव्यांना सोप्या इंग्रजीतला सारांश जोडलेला असतो, सुरुवात तिथून करा. एकट्या रुग्णाची कहाणी, एकाच क्लिनिकचे आधी-नंतरचे फोटो, एखाद्या डॉक्टरचं मत, यांची जागा या उतरंडीत खाली. गंभीर इजेच्या बाबतीत मात्र एकेका रुग्णाच्या नोंदीलाही किंमत असते. त्याकडे पुढे येऊ.

तिसरी पायरी : आकडा वाचा, मथळा नव्हे

इथे सावकाश जाऊ. बीएमजे या नियतकालिकात 2019 मध्ये रुबिनस्टाइन आणि सहकाऱ्यांचा आढावा आला: जुनाट कंबरदुखी, 47 चाचण्या, 9,211 लोक. त्यातलं एक वाक्य उलगडून बघू. दुखणं 0 ते 100 च्या पट्टीवर मोजलेलं आहे, 0 म्हणजे काहीच नाही आणि 100 म्हणजे असह्य. व्यायामासारख्या शिफारस असलेल्या उपचारांच्या तुलनेत झटक्याचा उपचार घेतलेल्यांचं दुखणं एका महिन्यानंतर सरासरी 3.17 गुणांनी कमी होतं. शेजारी कंसात कॉन्फिडन्स इंटर्व्हल दिलेला आहे: उणे 7.85 ते अधिक 1.51.

हा कंस वाचायला शिकलात की अर्धी लढाई जिंकलीत. खरा फरक साधारण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असावा, असं तो सांगतो. एक टोक उणे (झटका बरा), दुसरं अधिक (व्यायाम बरा), म्हणजे मध्ये शून्य आलं. शून्य मध्ये आलं की ‘दोन्हींत फरक आहे’ असं म्हणता येत नाही. शिवाय 3 गुण म्हणजे किती? कंबरदुखीच्या अभ्यासांत साधारण 10 गुणांचा फरक दखल घेण्याजोगा धरतात, काही तज्ज्ञ 20 सुद्धा मागतात. तेव्हा याचा अर्थ असा: जुनाट कंबरदुखीत झटक्याचा उपचार व्यायामाच्या तोडीस तोड ठरला, वरचढ नाही. ज्या उपचारांची शिफारसच केली जात नाही, त्यांच्याशी तुलना केली तेव्हा फरक 7.48 गुणांचा निघाला आणि कंस पूर्णपणे उणे बाजूला राहिला. फायदा खरा म्हणावा असा, पण तोही 10 च्या आतच.

आता नव्याने धरलेली कंबर. 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात 20 चाचण्या आणि 2,674 लोक होते. निष्कर्ष: खोट्या झटक्यापेक्षा (उपचार केल्याचा फक्त आभास) किंवा निरुपयोगी मानलेल्या उपचारांपेक्षा हा सरस नाही. पाच वर्षांनी, 2017 मध्ये, जामा या नियतकालिकातल्या आढाव्याने नंतरच्या चाचण्याही धरून 26 चाचण्या पाहिल्या आणि सहा आठवड्यांपर्यंत सुमारे 10 गुणांचा फायदा दाखवला. म्हणजे दोन नामांकित ठिकाणी दोन वेगळी उत्तरं. कोणत्या चाचण्या घेतल्या आणि तुलना कशाशी केली, यावर उत्तर हलतं. हलणारा आकडा दिसला की समजायचं, परिणाम असलाच तर माफक आहे. पेनिसिलीनसारखा डोळ्यांत भरणारा परिणाम असता तर आढाव्यांना एवढं भांडावं लागलं नसतं.

चौथी पायरी : ‘कशाच्या तुलनेत’ यावर बोट ठेवा

नव्याने धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप सुटत जाते. शिवाय माणूस क्लिनिकमध्ये जातो तो दुखणं अगदी टिपेला पोचल्यावर, त्यामुळे पुढच्या आठवड्यात ते खाली येण्याचीच शक्यता जास्त. या दोन गोष्टींनी कोणताही उपचार चांगला दिसतो, मग तो झटका असो, लेप असो की गंडा. यासाठीच तुलनेचा गट लागतो.

औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. झटक्याच्या चाचणीत किमान उपचार करणाऱ्याला तरी आपण खरं करतोय की खोटं, हे माहीत असतंच. घेणाऱ्यालाही बऱ्याचदा कळतं. हा या क्षेत्राचा जन्मजात अडथळा आहे, आणि आढावे खात्रीची पातळी ‘कमी’ किंवा ‘अत्यंत कमी’ लिहितात त्याचं हे एक मोठं कारण. तो आवाज ऐकून विश्वास बसतो, हेही खरं. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे.

विद्यार्थ्यांना मी नेहमी 1998 ची एक चाचणी दाखवते, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधली. कंबरदुखीच्या 321 लोकांचे तीन गट: एकाला कायरोप्रॅक्टिक, दुसऱ्याला मॅकेन्झी पद्धतीची (ठरावीक व्यायामांची) फिजिओथेरपी, तिसऱ्याच्या हातात फक्त माहितीपुस्तिका. पहिले दोन गट एकमेकांसारखेच निघाले, पुस्तिकेपेक्षा किंचित बरे, आणि खर्च बराच जास्त.

मार्गदर्शक तत्त्वंही याच सुरात आहेत. ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2016 मध्ये हाताने केलेल्या उपचाराला जागा दिली, पण व्यायामासोबतच, एकट्याला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये औषधांआधीच्या पर्यायांत त्याला घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी त्याची सशर्त शिफारस केली. त्याच दस्तऐवजात ट्रॅक्शन (मणक्याला ताण देऊन ओढणं) आणि कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असंही म्हटलंय, जे आपल्याकडे सर्रास दिले जातात.

पाचवी पायरी : सुरक्षितता वेगळ्या चष्म्यातून

फायदा शोधायला चाचण्या लागतात, पण दुर्मीळ धोका चाचण्यांत सापडत नाही. दहा हजारांत किंवा लाखात एकदा होणारी गोष्ट दोनशे लोकांच्या चाचणीत कशी दिसणार? शिवाय वरच्या 47 चाचण्यांपैकी सुमारे निम्म्यांनीच दुष्परिणाम तपासले होते. ‘दुष्परिणाम आढळले नाहीत’ आणि ‘कुणी बघितलेच नाहीत’ यांतला फरक लेखातून शोधून काढावा लागतो.

किरकोळ त्रास मात्र वारंवार होतो. उपचारानंतर अंग ठणकणं, आखडणं, डोकं दुखणं, असा तात्पुरता त्रास निम्मे ते दोन तृतीयांश लोकांना झाल्याचं जामाच्या आढाव्यात नोंदलंय. एक-दोन दिवसांत तो सहसा जातो.

खरा वाद मानेचा. मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात आणि वरच्या दोन मणक्यांपाशी त्या वळण घेतात. मानेला जोराचा पीळ बसल्यावर धमनीच्या आतल्या अस्तराला चीर जाऊन स्ट्रोक आल्याच्या नोंदी आहेत. किती वेळा होतं? ब्रिटनमध्ये 2007 च्या पाहणीत 19,722 रुग्णांच्या 28,807 भेटींत एकही गंभीर घटना नोंदली गेली नाही. ऐकायला छान आहे. पण शून्य सापडलं म्हणजे धोका शून्य नव्हे. संख्याशास्त्रात याला साधा नियम आहे: एकही घटना न आढळल्यास 3 ला एकूण संख्येने भागा, धोक्याची वरची मर्यादा मिळते. इथे 3 भागिले 28,807, म्हणजे सुमारे दहा हजार भेटींत एक. खरा धोका याहून बराच कमी असू शकेल, पण ही पाहणी एवढीच ग्वाही देते.

दुसऱ्या बाजूने कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात 2008 मध्ये छापलेला अभ्यास. तिथे याच धमन्यांशी संबंधित स्ट्रोक आलेल्यांपासून मागे जात बघितलं: 818 रुग्ण, आधी ते कुणाकडे गेले होते? 45 वर्षांखालच्यांत कायरोप्रॅक्टरकडच्या भेटीशी संबंध दिसला. पण फॅमिली डॉक्टरकडच्या भेटीशीही तसाच दिसला. संशोधकांचं म्हणणं, धमनीला आधीच चीर गेलेली असते, त्यानेच मान दुखते, म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो. हे पटण्यासारखं आहे. पण ती आकडेवारी बिलांच्या नोंदींवरून आलेली, प्रत्यक्ष मान फिरवली की नाही ते त्यात नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि स्ट्रोक असोसिएशनने 2014 मध्ये मधला मार्ग घेतला: कारण सिद्ध नाही, पण संबंध दिसतो, तेव्हा मान फिरवण्याआधी रुग्णाला तो सांगा.

माझं मत विचाराल तर कमरेच्या बाबतीत एखाद्याने हा उपचार करून बघितला तर मी अडवत नाही. मानेला झटका मात्र मी घेणार नाही आणि घरच्यांनाही घेऊ देणार नाही. धोका दुर्मीळ आहे हे मान्य, पण झाला तर आयुष्य बदलतो, आणि त्याच्या बदल्यात मिळणारा फायदा व्यायामातूनही मिळू शकतो. हाच हिशेब सलूनमध्ये दाढीनंतर ‘मान मोडून’ देण्यालाही लागू. तिथे तर कुणी विचारतसुद्धा नाही.

मणक्याबाहेरचे दावे

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. दम्याच्या 91 मुलांवर 1998 मध्ये चाचणी झाली: खरा झटका आणि खोटा झटका यांत फायद्याचा फरक नाही. पोटशूळाने रडणाऱ्या तान्ह्या बाळांवर नॉर्वेत 86 बाळांची चाचणी झाली, 2001 मध्ये छापली गेली, तीही तशीच. मायग्रेनच्या 104 जणांवरच्या 2017 च्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या उपचाराने दुखण्याचे दिवस सारखेच कमी झाले. बाळांचे आजार आणि दमा याबद्दलच्या दाव्यांवर सायमन सिंग या विज्ञानलेखकाने 2008 मध्ये टीका केली, तेव्हा ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि 2010 मध्ये तो मागे घेतला. पाटीवर ‘थायरॉइड, डायबेटिस, पीसीओडी’ लिहिलेलं दिसलं तर पुढचं संशोधन न करता घरी या.

शेवटची पायरी : हा पुरावा पुण्यातल्या कुठल्या हातांना लागू?

ही पायरी आपल्याकडे सर्वात मोलाची, आणि बहुतेक जण तीच गाळतात. वरचे अभ्यास झाले ते अमेरिका, ब्रिटन, कॅनडासारख्या देशांत, जिथे या कामाला परवाना लागतो. अमेरिकेत तर पन्नासही राज्यांत. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी अशी वैधानिक परिषद नाही. पाटी लावणारा परदेशात पूर्ण पदवी घेतलेला असेल, मॅन्युअल थेरपी शिकलेला फिजिओथेरपिस्ट असेल, किंवा चार दिवसांची कार्यशाळा करून आलेला असेल. ‘9,211 लोकांवर तपासलेलं’ हे वाक्य यांतल्या तिसऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

म्हणून आधी फोनवर विचारा: मूळ पदवी कोणती, नोंदणी क्रमांक काय? फिजिओथेरपिस्ट असतील तर राज्याची परिषद आहे, एमबीबीएस असतील तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. दोन्हीकडे नोंदणीची खातरजमा करता येते. मग विचारा: मानेला झटका देता का, देणार असाल तर धोके लेखी सांगाल का? व्यायाम शिकवणार का? आणि किती सीटिंगनंतर फरक नाही पडला तर थांबायचं?

या शेवटच्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं आणि लगोलग चोवीस सीटिंगचं पॅकेज, आज भरलं तर सवलत, असं पुढे आलं, तर फोन ठेवा. नाइसच्या 2009 च्या जुन्या मार्गदर्शक तत्त्वांतही कमाल मर्यादा होती ती बारा आठवड्यांत नऊ सीटिंगची.

एमआरआय दाखवून ‘एल-फोर एल-फाइव्हला (कमरेचा चौथा-पाचवा मणका) गॅप आहे, म्हणून पॅकेज’ असं सांगितलं गेलं तर 2015 चा एक आढावा लक्षात ठेवा. अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या तपासण्या त्यात पाहिल्या. विशीतल्या 37 टक्के लोकांत मणक्यांमधल्या गादीची (डिस्कची) झीज दिसली, ऐंशीतल्या 96 टक्क्यांत. फोटोत दिसणारं सगळंच दुखण्याचं कारण नसतं, आणि झटक्याने ती झीज भरूनही येत नाही.

सुरू करायचंच ठरवलंत तर पहिल्या दिवशी दोन ओळी लिहून ठेवा: दुखणं 0 ते 10 मध्ये किती, आणि कोणतं एक काम अडतंय. हिंजवडीपर्यंत बसून जाणं, वाकून बादली उचलणं, काहीही. प्रत्येक वेळी कोणत्या मणक्यावर काय केलं ते केसपेपरवर लिहून मागा. चार-सहा सीटिंगनंतर आकडा दोनानेही उतरला नसेल आणि काम तसंच अडत असेल, तर पुढची वेळ घेऊ नका. पुढे कुणा ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे किंवा फिजिओकडे गेलात तर तोच कागद सोबत न्या.